पान्हा चोरणारी म्हैस आणि संमोहनाचा वर्ग

गोठा सांभाळणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. धार काढणारा हात बदलला, गोठ्यात अनोळखी कुत्रं शिरलं, रेडकू दगावलं, की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, सडातून उतरत नाही. म्हणून कोणी तिला ‘हिला दूधच नाही’ म्हणत बाजार दाखवत नाही. पुढ्यात आंबोण ठेवतात, कास कोमट पाण्याने धुतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि थोड्या वेळात ती पान्हवते.

बाळंतिणीचा पान्हा असाच अडला, तर मात्र तिसऱ्या दिवशी घरात पावडरचा डबा येतो.

अलीकडे गरोदर बायकांच्या स्तनपान-वर्गांत आणि मोबाइलवर शिथिलीकरण, स्वयंसूचना, नावापुढे ‘हिप्नो’ लावलेले ऑडिओ असं बरंच काही दिसू लागलं आहे. त्यावर दोन प्रतिक्रिया उमटतात. काहींना हे थोतांड वाटतं, तर काहींना वाटतं की हे ऐकलं की दूध मुबलक येणार. दोन्ही चूक. संमोहनाने दूध बनत नाही. बनलेलं दूध उतरायला मात्र मदत होऊ शकते.

## बनणं वेगळं, उतरणं वेगळं

गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघरातला नळ डोळ्यांपुढे आणा. टाकी भरण्याचं काम प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं. (संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप.) नळ उघडण्याचं काम ऑक्सिटोसिनचं. स्तनातल्या दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींची जाळी असते. ऑक्सिटोसिन पोचलं की ती आवळते आणि दूध नळ्यांतून पुढे येतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. बाळ ओढायला लागल्यावर साधारण मिनिटभरात तो फुटतो, आणि एकाच वेळच्या पाजण्यात बहुधा एकाहून जास्त वेळा फुटतो.

या दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. १९८३ साली ब्रिटनमध्ये मॅकनीली आणि सहकाऱ्यांनी पाजणाऱ्या आयांच्या रक्तातली दोन्ही संप्रेरकं मोजली. बाळ रडू लागलं, चुळबुळू लागलं, एवढ्यानेच बऱ्याच जणींचं ऑक्सिटोसिन वाढलं, बाळाने अजून तोंडही लावलेलं नसताना. प्रोलॅक्टिन मात्र प्रत्यक्ष ओढणं सुरू झाल्याशिवाय हललं नाही.

म्हणजे नळ मनाचं ऐकतो, टाकी फक्त बाळाच्या तोंडाचं ऐकते. मनावर काम करणारी कोणतीही युक्ती नळापाशीच उपयोगी पडणार. टाकीवर तिचा परिणाम झाला तर तो आडवळणाने: नळ नीट उघडला की स्तन नीट रिकामा होतो, आणि रिकामा झालेला स्तन पुढचं दूध लवकर बनवतो. साचून राहिलेलं दूध उत्पादन मंदावतं.

नळ बंद करणारं संप्रेरक म्हणजे ॲड्रिनलिन, भीतीच्या आणि घाईच्या वेळी सुटणारं. ते मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटू देत नाही. शिवाय रक्तवाहिन्या आवळत असल्यामुळे जे सुटलं तेही स्तनापर्यंत कमी पोचतं.

## बर्फाच्या पाण्यात पाय

हे सिद्ध करणारा प्रयोग जुना आणि थोडा क्रूर आहे. १९४८ साली अमेरिकेत नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन यांनी एका आईला रोज ठरलेल्या वेळी बाळाला पाजायला सांगितलं. पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन केलं, की पोटात किती दूध गेलं ते कळतं. काही दिवस आई निवांत पाजत असे. काही दिवस पाजताना तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवत, पायाची बोटं दुखेपर्यंत ओढत, किंवा भराभर गणितं विचारत.

निवांत दिवशी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. छळाच्या दिवशी ९९ ग्रॅम. मग छळ तसाच ठेवून आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं, तर आकडा १५३ वर गेला. दूध सगळा वेळ आतच होतं.

प्रयोग एकाच आईवर आणि एकाच बाळावर झालेला, त्यामुळे आकडे ब्रह्मवाक्य मानू नयेत. पण बर्फाच्या पाण्याच्या जागी टाक्यांचं दुखणं ठेवा, गणितांच्या जागी भेटायला आलेल्या मावशींचे प्रश्न ठेवा (“पुरतंय का गं त्याला? किती बारीक दिसतोय!”), की आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीचं चित्र पूर्ण होतं.

## संमोहन म्हणजे झोप नव्हे

एसटीत खिडकीशी बसून विचारांत गढलात आणि आपला थांबा निघून गेला, असं कधी झालं असेल. जागे होता, बाहेरचं दिसत होतं, पण लक्ष एका जागी खिळलं होतं. संमोहन ही त्याच जातीची अवस्था: शरीर सैल, लक्ष एका बिंदूवर, आणि त्या वेळी ऐकलेलं वाक्य मनात नेहमीपेक्षा सहज उतरतं. त्या वाक्याला सूचना म्हणतात. ती स्वतःच स्वतःला दिली की स्वयंसूचना.

नावाने घोळ केला आहे. स्कॉटिश डॉक्टर जेम्स ब्रेड यांनी १८४३ च्या सुमाराला झोपेसाठीच्या ग्रीक शब्दावरून ‘हिप्नोटिझम’ हे इंग्रजी नाव रूढ केलं. प्रत्यक्षात बाई झोपत नाही, ताबा सुटत नाही, नको असलेलं काही तिच्याकडून कोणी करवून घेत नाही. रंगमंचावर कोंबडा बनून आरवणाऱ्या माणसाशी याचा संबंध तेवढाच, जेवढा सर्कशीतल्या कसरतीचा फिजिओथेरपीशी.

शिथिलीकरण त्याहून साधं: स्नायू आणि श्वास सैल करणं, सूचना नाहीत. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी स्नायू आधी आवळायचे आणि मग सोडायचे ही पद्धत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. ज्यांनी शवासन किंवा योगनिद्रा केली आहे त्यांना दोन्ही गोष्टी ओळखीच्या वाटतील. वर्गात शिकवतात ते बहुतेक या दोहोंचं मिश्रण असतं.

## बाळ व्हायच्या आधीच का?

कारण नंतर वेळ नसतो. पहिल्या आठवड्यात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, आई तुकड्यातुकड्यांनी झोपते, आणि नवी सवय लावून घेण्याची ताकद उरत नाही. शरीराला ‘ही खूण झाली की सैल व्हायचं’ हे शिकवायला काही आठवडे लागतात. म्हणून सराव गरोदरपणाच्या २८ ते ३२ व्या आठवड्यात सुरू करतात.

दुसरं कारण म्हणजे भीती आधीच उतरवता येते. पहिल्या दिवशी एका वेळेला बाळाला लागणारं चिकाचं दूध असतं २ ते १० मिली. चहाचा चमचा ५ मिलीचा. दाट दूध भरून यायला दोन ते चार दिवस लागतात. हे आधी न कळलेली आई पहिल्याच रात्री “दूध नाही” या निष्कर्षाला येते आणि तिचं ॲड्रिनलिन वाढतं. इथे एक साधा आकडा कोणत्याही मंत्रापेक्षा जास्त शिथिल करतो.

## पंधरा मिनिटांचा सराव

दिवसाची वेळ ठरवा, शक्यतो दुपारची. रात्री अंथरुणात केलं की झोप लागते. झोप चांगलीच, पण सराव होत नाही.

स्थिती: डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, किंवा पाठीला तीन-चार उशा देऊन अर्धवट रेलून. सातव्या महिन्यानंतर सपाट उताणं झोपायचं नाही, कारण गर्भाशयाच्या भाराने मोठी शीर दबते आणि गरगरतं. शवासन म्हणून उताणं झोपवणारा वर्ग असेल तर तिथेच सांगा.

श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. जोर लावून खोल श्वास घेतले तर बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तसं झालं की मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

स्नायू: मुठी पाच सेकंद आवळा, पंधरा सेकंद सोडा. खांदे कानांपर्यंत उचला, सोडा. कपाळ, मग जबडा. दात एकमेकांवर टेकलेले नकोत. खांदे आणि जबडा यांना दोन फेऱ्या द्या, कारण पाजताना आई नेमकी तिथेच आखडते: बाळावर वाकते, खांदे चढतात, दात आवळले जातात. पोट आणि ओटीपोट आवळायचं नाही. पोटऱ्यांसाठी पावलं पुढे ताणू नका, गोळा येतो. बोटं आपल्याकडे ओढा.

उतरण: मनातल्या मनात दहा पायऱ्या उतरा, प्रत्येक श्वासाला एक. पायऱ्या आपल्या ओळखीच्या असाव्यात. माहेरच्या ओट्याच्या, गावच्या घाटाच्या. विहिरीची भीती असलेल्या बाईला विहिरीत उतरवणारा ऑडिओ काय कामाचा?

सूचना: इथे तीन-चार वाक्यं, सावकाश, दोनदा. उदाहरणार्थ:

“श्वास बाहेर जातोय, खांदे खाली येतायत. बाळ छातीशी आहे, त्याच्या डोक्याचा वास येतोय. छातीत ऊब पसरतेय. मला घाई नाही. बाळ शिकतंय, मीही शिकतेय.”

खूण: वाक्यं चालू असताना डावा तळवा छातीवर ठेवा, किंवा अंगठा आणि तर्जनी जुळवा. रोज तीच खूण. पुढे पाजायच्या वेळी पंधरा मिनिटं कोणाकडे नसतात. तेव्हा फक्त ही खूण आणि तीन लांब श्वास, एवढंच उरतं. बाकी सारा सराव या अर्ध्या मिनिटासाठी असतो.

परत येणं: एक ते पाच मोजा, बोटं हलवा, डोळे उघडा, कुशीवरून हळू उठा.

भाषेबद्दल एक सूचना. ऑडिओ घरच्या बोलीत असावा. ज्या घरात बाळाला ‘लेकरू’ म्हणतात तिथे ‘आपला शिशू’ म्हणणारा गोड आवाज परका वाटतो, आणि इंग्रजीतून उचललेल्या समुद्रकिनाऱ्याचा वऱ्हाडातल्या बाईला काय उपयोग? स्वतःच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केलेली पाच मिनिटं विकतच्या ॲपपेक्षा बरी.

## वाक्य चुकलं की काय होतं

“तुमचं दूध भरभरून वाहणार आहे” हे ऐकायला छान. पण चौथ्या दिवशी ते वाहिलं नाही, की बाईला वाटतं माझंच मन कमकुवत, माझाच सराव कमी पडला. सूचना कधीही परिणामाचं आश्वासन देणारी नसावी. ती आईच्या हातात असलेल्या गोष्टींबद्दल असावी: श्वास, खांदे, बाळाकडे पाहणं, न घाबरता मदत मागणं.

नकारही टाळावेत. “दुखणार नाही” म्हटलं की मनात ‘दुखणं’च उभं राहतं.

आणि सर्वात मोठी चूक: संमोहनाने दुखणं झाकणं. पाजताना बोंड दुखत राहणं हा निरोप असतो की बाळाची पकड चुकते आहे. पहिले काही सेकंद ओढ जाणवणं वेगळं. पूर्ण वेळ कळ येत असेल, पिऊन झाल्यावर बोंड चपटं किंवा तिरकं दिसत असेल, तर कोणताही ऑडिओ न लावता बाळाला सोडवून पुन्हा धरायचं. बाळाचं पोट आईच्या पोटाला, नाक बोंडासमोर. तोंड जांभईएवढं उघडलं की जवळ घ्यायचं. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालपेक्षा वर जास्त दिसतो. दीड तासाच्या वर्गात एक तास बाहुली हातात घेऊन हे शिकवलं जात नसेल आणि सगळा वेळ मंद दिव्यात बासरी वाजत असेल, तर तो वर्ग स्तनपानाचा नाही. नळ उघडला तरी भांडं खाली नको का?

## “आमच्या आज्या कुठे संमोहन करत होत्या?”

करत नव्हत्या, त्यांना गरज कमी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, अंधारी खोली, रोज तेलाने अंग रगडून घेणं, सव्वा महिना कामाला हात नाही, खोलीत परक्या माणसाला मज्जाव. शेगडीच्या धुराचं आणि पहिला चीक पिळून टाकण्याचं समर्थन कोणी करू नये. पण बाकीचं सगळं म्हणजे ॲड्रिनलिन खाली ठेवण्याची व्यवस्थाच होती. शिवाय त्यांनी लहानपणापासून काका-मामांच्या घरात शंभरदा पाजताना पाहिलेलं असे. आज कित्येक मुलींनी पाहिलेलं पहिलं स्तनपान त्यांचं स्वतःचं असतं, तेही एकटीने, फ्लॅटमध्ये.

## “पुरावा आहे का?”

शिथिलीकरणासाठी बऱ्यापैकी आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या ५५ आयांवर प्रयोग झाला. ज्यांनी २० मिनिटांची शिथिलीकरणाची कॅसेट ऐकली, त्यांनी दूध काढलं तेव्हा ते इतरांपेक्षा सरासरी ६३ टक्के जास्त निघालं. २०१९ साली मलेशियातल्या अभ्यासात असा ऑडिओ घरी ऐकणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन जास्त वाढलं.

पण नीट पाहा: या दोन्हींत आया बाळंतपणानंतर ऐकत होत्या. गरोदरपणात शिकवलेल्या संमोहनाने पुढचं स्तनपान किती सुधारतं, याला तेवढा भक्कम आधार नाही. प्रसूतीवेदनांसाठीच्या संमोहनाचा २०१६ चा कॉक्रेन आढावा (एका विषयावरचे अभ्यास एकत्र तपासणारा) आहे. त्यात ९ अभ्यास आणि जवळपास ३,००० बायका होत्या. वेदनाशामकांचा एकूण वापर कमी होऊ शकतो, पण पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनच्या (एपिड्युरल) बाबतीत स्पष्ट फरक नाही, असा त्याचा सूर. म्हणजे स्वस्त, बहुतेकींना निर्धोक, करून पाहण्यासारखं, एवढंच. दहा-वीस हजारांचं पॅकेज घेण्याइतकं नाही. आणि याच पॅकेजमध्ये बाळ हुशार होण्याची हमी गर्भसंस्काराच्या नावाने घुसडलेली असेल, तर तिथून उठून यावं.

## “मला संमोहन लागतच नाही”

सगळ्यांना सारखं लागत नाही. थोड्या माणसांना चटकन लागतं, थोड्यांना जवळजवळ नाही, बहुतेक मध्ये असतात. लागलं नाही तर फक्त लांब श्वास आणि खांदे सैल करणं पुरे. किंवा दुसऱ्याचा हात. आई टेबलावर हात दुमडून पुढे झुकते, स्तन मोकळे. मागून नवरा, आई किंवा सासूबाई दोन्ही अंगठ्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंना, मानेपासून खांद्याच्या पात्यांपर्यंत, लहान गोल फिरवत खाली येतात, दोन-तीन मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपान-समुपदेशनाच्या प्रशिक्षणात ही पद्धत शिकवतात. म्हशीच्या पाठीवरून फिरणारा हात तो हाच.

## सिझर झालं तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरची होती, आणि जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. सिझरनंतर दूध भरून यायला थोडा उशीर होऊ शकतो, टाके दुखतात, आई थरथरत असते. इथे सराव खरोखर कामी येतो, कारण श्वास आणि खूण आडवं पडूनही करता येतात. पण वेदनेची गोळी वेळेवर घेणं हे त्याआधीचं शिथिलीकरण. पाजताना चालणारी गोळी डॉक्टर देतात. ती न घेता सोसत बसलं तर नळ बंदच राहणार.

## कुठे थांबायचं

सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) किंवा तीव्र मानसिक आजाराचा इतिहास असेल, फिट्स येत असतील, तर संमोहन मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. लैंगिक अत्याचार सोसलेल्या काही जणींना डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेणंच भयंकर होतं. त्यांना डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून फक्त श्वासाचा सराव पुरतो. सराव म्हणून बोंडं चोळणं किंवा चीक काढून पाहणं ३६ व्या आठवड्याआधी करायचं नाही, आणि नंतरही डॉक्टरांना विचारून. तेच ऑक्सिटोसिन गर्भाशयालाही आवळतं.

काही जणींना पान्हा फुटण्याच्या क्षणी एकदम उदास, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटतं आणि मिनिट-दोन मिनिटांत ते जातं. हा संप्रेरकांचा खेळ आहे, मनाचा कमकुवतपणा नाही. उदासी दिवसभर टिकत असेल तर मात्र ते वेगळं, त्याला उपचार लागतात.

कधी टाकीच खरोखर कमी भरलेली असते. थायरॉइड, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा आत राहिलेला तुकडा, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया ही त्याची कारणं. बाळाची जीभ बांधलेली (जिभेखालचा पडदा आखूड) असेल तर स्तन नीट रिकामा होत नाही आणि मागून दूधही घटतं. ओळखायची खूण लंगोटात असते: पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वेळचं वजन परत. तेवढं नसेल तर तपासणी, ऑडिओ नव्हे.

आणि लांब, गुंगवणारा ऑडिओ बाळ मांडीवर असताना लावू नये. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजता पाजता डोळा लागला तर बाळ फटीत सरकून गुदमरू शकतं. पाजताना फक्त तळवा छातीवर, तीन श्वास. पंधरा मिनिटांचा ऑडिओ बाळ दुसऱ्याच्या हातात असताना, किंवा पुढे कामावर गेल्यावर पंप लावताना ऐकावा. पंपाला बाळाचा वास नसतो, म्हणून बाळाचं झबलं पिशवीत न्यावं, आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवावा.